लीड्सचे पाच रुग्ण आणि मागे घेतलेले निदान

जून १९५३च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चार पानांचा एक लेख आहे. लेखक दोन, ह्यू गार्लंड आणि डी. टॅव्हर्नर, दोघेही उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सचे. त्या महिन्याच्या आरंभीच लंडनमध्ये एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला होता, एव्हरेस्ट सर झाल्याची बातमीही ताजी होती. त्या धामधुमीत पाच मधुमेही रुग्णांच्या वाळलेल्या मांड्यांकडे वैद्यकाबाहेरच्या कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. वैद्यकात मात्र गेले. लेखाचे शीर्षक दोनच शब्दांचे होते: 'डायबेटिक मायलोपॅथी'. म्हणजे मधुमेहामुळे मेरुरज्जूत उद्भवणारा विकार. हे शीर्षक अडीच वर्षेही टिकले नाही, आणि ते बदलले खुद्द गार्लंड यांनीच.

मधुमेह आणि मोटर न्यूरॉन डिसीज यांचा संबंध काय, हा प्रश्न आज विचारला की उत्तरादाखल मोठमोठ्या आकडेवाऱ्या पुढे येतात. त्यांच्याकडे येऊच. पण या दोन आजारांच्या नात्यात आधी एक मोठा गोंधळ होऊन गेला आहे, आणि त्याचा माग छापील कागदांतून लावता येतो. तो लावल्याशिवाय आजचे आकडे नीट वाचता येत नाहीत, असे माझे मत आहे.

लीड्सच्या पाचही रुग्णांना मधुमेह होता. दुखणे मांडीचे, दोन्ही बाजूंना सारखे नाही, एका बाजूला जास्त. मग मांडीचे स्नायू आटू लागतात, जिना चढणे आणि बसल्या जागेवरून उठणे अवघड होते, गुडघ्याखाली हातोडीने ठोकले तर पाय उडत नाही. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की मांडीकडे जाणाऱ्या नसांना साखरेने धरले. मधुमेहात पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, हे तेव्हाही जुने ज्ञान होते. पण या रुग्णांत बधिरपणा नावापुरता. ताकद गेली होती, स्पर्शाची जाण बरीचशी शाबूत होती. पाठीतून सुई घालून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली होती. आणि काहींच्या तळव्याच्या कडेने टोकदार वस्तूने रेघ ओढली की पायाचा अंगठा खाली वळायचा तो वर जात होता. शीर्षक ठरले ते या अंगठ्यामुळे.

याचे कारण समजून घ्यायला थोडे शरीरशास्त्र लागते. हालचालीचा हुकूम मेंदूतून स्नायूपर्यंत दोन टप्प्यांत जातो. पहिली चेतापेशी मेंदूत असते, तिचा लांब धागा मेरुरज्जूत उतरतो. तिथे दुसरी चेतापेशी तो हुकूम घेते आणि आपल्या धाग्याने स्नायूपर्यंत पोचवते. धरणापासून गावापर्यंत मुख्य कालवा आणि तिथून शेतापर्यंत पोटचारी, अशी ही रचना. चारी फुटली तर शेत वाळते: दुसऱ्या टप्प्यावर घाव झाला की स्नायू झिजतो, लुळा पडतो, गुडघ्याची ठोक बंद होते. वरच्या टप्प्यावर घाव झाला तर स्नायू झिजत नाही, उलट ताठरतो, ठोक जोरात येते आणि तळव्यावर रेघ ओढताच अंगठा वर जातो. वर गेलेला अंगठा म्हणजे मेंदूत किंवा मेरुरज्जूत बिघाड, हा मज्जासंस्थेच्या डॉक्टरांचा जवळजवळ धर्मनियम आहे.

झिजलेला स्नायू आणि वर जाणारा अंगठा एकाच माणसात एकत्र दिसले की डॉक्टरांच्या मनात जे नाव उमटते ते मोटर न्यूरॉन डिसीजचे. याच आजाराच्या सर्वांत परिचित रूपाला एएलएस म्हणतात. त्यात दोन्ही टप्प्यांच्या चेतापेशी मरत जातात, जाणिवा मात्र शाबूत राहतात. लीड्सच्या लेखाच्या शीर्षकात हे नाव नाही, आणि पाच रुग्णांना एएलएस होता असे कोणी म्हटलेले नाही. पण झीज आहे, दुसऱ्या बाजूला अंगठाही वर जातो आहे, बधिरपणा फारसा नाही, या मांडणीवर त्या आजाराची सावली पडल्यावाचून राहत नाही. मेरुरज्जूला दोष देण्याचा मोह इथूनच आला असणार.

ती सावली कुठून आली, हे पाहायला शंभर वर्षे मागे, पॅरिसला जावे लागते. १८५० साली फ्रांस्वा-आमिल्कार आरां यांनी स्नायू हळूहळू झिजत जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये प्रॉस्पर लकोंत नावाचा सर्कसवाला याच प्रकारच्या आजाराने गेला. त्याच्या शवविच्छेदनात विकृतिशास्त्रज्ञ क्रुव्हेलिए यांना मेरुरज्जूतून पुढच्या बाजूने निघणारी मुळे बारीक झालेली दिसली, आणि पुढच्या मुळांतून हालचालीचे हुकूम जातात हे तोवर माहीत झालेले होते. पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये झोफ्रुआ यांच्यासह मेरुरज्जूतल्या पुढच्या भागातील पेशींचा नाश दाखवला, आणि १८७४ पर्यंत त्यांनी आजाराला आजचे नाव दिले. शार्कोंची पद्धत साधी आणि निर्दय होती. रुग्णाला वर्षानुवर्षे पाहायचे, तो गेल्यावर त्याचा मेरुरज्जू कापून पाहायचा, आणि जिवंतपणीच्या लक्षणांची सांगड मेल्यानंतरच्या खुणांशी घालायची. साल्पेत्रिएरमध्ये हजारो वृद्ध आणि असाध्य आजारी स्त्रिया राहत, म्हणून ती पद्धत शक्य झाली.

अंगठ्याची खूण मात्र शार्कोंकडे नव्हती. ते १८९३ मध्ये वारले. त्यांचेच शिष्य जोसेफ बाबिन्स्की यांनी ती फेब्रुवारी १८९६ मध्ये पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेपुढे अठ्ठावीस ओळींच्या टिपणातून मांडली. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या कमी शाईत इतके काम क्वचितच झाले असेल. हे साल ध्यानात ठेवावे, कारण लीड्सच्या गोष्टीतला खरा गुंता याच सालाभोवती आहे.

आता १८९० चे दोन कागद.

पहिला हॅनोव्हरच्या लुडविग ब्रुन्स यांचा, बर्लिनच्या साप्ताहिक वैद्यकीय पत्रातला. मधुमेहात होणाऱ्या न्यूरायटिसजन्य लकव्यांविषयी, असे त्याचे शीर्षक. न्यूरायटिस म्हणजे नसेचा दाह. उतारवयातले मधुमेही, मांडीत तीव्र वेदना, मग मांडीच्या स्नायूंचा अशक्तपणा आणि झीज. लीड्सचे रुग्ण वाटावेत इतके हे चित्र जुळते. ब्रुन्स यांनी घाव कुठे आहे हे शीर्षकातच सांगून टाकले: नसांमध्ये. दुसरा कागद खुद्द शार्को यांचा, त्याच वर्षीचा, त्यांनीच सुरू केलेल्या मज्जाविज्ञानाच्या नियतकालिकातला. मधुमेहामुळे दोन्ही पाय लुळे पडलेल्या एका रुग्णाबद्दल तो आहे. म्हणजे एएलएसला नाव देणारा माणूस मधुमेहातल्या लकव्यावरही लिहीत होता, आणि ते दोन वेगळे विषय म्हणून.

१८९० मध्ये या लोकांच्या हाती काय होते? मधुमेह कळायचा तो लघवीतल्या साखरेवरून. स्वादुपिंड काढून टाकले की कुत्र्याला मधुमेह होतो, हे स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी जेमतेम वर्षभरापूर्वी, १८८९ मध्ये, दाखवले होते. इन्सुलिन अजून तीस वर्षे दूर. मज्जासंस्थेच्या तपासणीत गुडघ्याची ठोक होती, कारण एर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी ती १८७५ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली. मधुमेह्यांमध्ये ही ठोक हरवते, हे बुशार यांनी १८८४ मध्ये नोंदवले होते. विजेचा झटका देऊन स्नायू तपासता येई. 'न्यूरॉन' हा शब्दसुद्धा वाल्डायर यांनी १८९१ मध्ये रूढ केला, तेव्हा मोटर न्यूरॉन डिसीज हे नाव १८९० मध्ये कोणाच्या तोंडी येणे शक्यच नव्हते.

लीड्सच्या डॉक्टरांना मेरुरज्जूकडे नेणाऱ्या दोन्ही खुणा ब्रुन्स यांच्या हातात नव्हत्या, हे मला या कागदांतले सर्वांत बोलके वाटते. पाठीतून पाणी काढण्याची क्वींके यांची पद्धत १८९१ ची. अंगठ्याची खूण १८९६ ची. ब्रुन्स यांचा लेख दोन्हींच्या आधीचा. वर जाणाऱ्या अंगठ्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही, त्यांनी तो पाहायचा कशाला? म्हणूनच ते चुकले नाहीत.

याचा अर्थ ब्रुन्स हुशार आणि गार्लंड भोळे, असा काढू नये. १८८० नंतरच्या दशकात युरोपात न्यूरायटिसची लाट होती. दारूने, शिशाने, बेरीबेरीने होणारे लकवे मेरुरज्जूतून नसांकडे हलवले जात होते, आणि बर्लिनचे लायडेन यांच्यासारखे मोठे लोक त्यात पुढे होते. मधुमेहातल्या लकव्याला त्याच रांगेत बसवणे त्या क्षणी साहजिक होते. ब्रुन्स यांचा निष्कर्ष बरोबर निघाला, पण त्यांच्याजवळचा पुरावा गार्लंड यांच्यापेक्षा भक्कम नव्हता.

मधल्या साठ वर्षांवरून भराभर जाऊ. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि मधुमेही माणसे जगू लागली. जगू लागली म्हणून नसांचे विकारही जास्त दिसू लागले. बॉस्टनचे मधुमेहतज्ज्ञ जॉस्लिन यांच्या परंपरेतले रूट आणि त्यांचे सहकारी रॉजर्स यांनी १९३० मध्ये लकव्यासह येणाऱ्या मधुमेही न्यूरायटिसवर लिहिले. १९३६ मध्ये जॉर्डन यांनी मधुमेहातल्या नसांच्या विकारांचा मोठा आढावा घेतला आणि सांधे झिजवणारा 'शार्कोचा सांधा' मधुमेहातही होतो हे त्यात जोडले. इंग्लंडात इकडे मोटर न्यूरॉन डिसीज हे छत्रनाम रूढ होत होते. आणि अमेरिकेत त्या आजाराला एक चेहरा मिळाला. बेसबॉलपटू लू गेरिगचे निदान मेयो क्लिनिकमध्ये त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, १९ जून १९३९ रोजी झाले. २ जून १९४१ रोजी तो गेला. पुरती दोन वर्षेही नाहीत. निदान ऐकलेल्या माणसाला पुढे काय आहे, हे त्या तारखाच सांगतात.

आता गार्लंड यांचा दुसरा लेख, नोव्हेंबर १९५५ चा. नियतकालिक तेच, पण या वेळी टॅव्हर्नर यांचे नाव नाही. शीर्षक: 'डायबेटिक अमायोट्रॉफी'. मधुमेहातली स्नायूंची झीज, एवढाच त्याचा अर्थ. मेरुरज्जू गेला. घाव नेमका कुठे, याबद्दलचा दावा गार्लंड यांनी काढून टाकला आणि जे डोळ्यांना दिसते तेवढेच शीर्षकात ठेवले. त्यांनी भर दिला तो एका वेगळ्याच गोष्टीवर: मधुमेह नीट आटोक्यात आणला की ही माणसे सुधारतात.

गार्लंड यांचे श्रेय इथे आहे, पहिल्या लेखात नाही. एएलएसचा रुग्ण सुधारत नाही. तो खाली जातो, कधी वेगाने, कधी थांबत थांबत, पण वर येत नाही. मांडी आटलेला, अंगठा वर जाणारा माणूस काही महिन्यांनी पुन्हा जिना चढू लागला, तर मेरुरज्जूतल्या पेशी मेलेल्या असणे अवघड आहे. इथे निदान केले ते हातोडीने नाही, काळाने. आणि लेखकाने आपलेच शीर्षक बदलले, तेही आडवळणाने नव्हे, त्याच नियतकालिकात, त्याच वाचकांपुढे. वैद्यकीय साहित्यात हे वारंवार घडत नाही.

मग काही अंगठे वर का जात होते? १९५५ च्या उत्तरात त्याचा पुरता निकाल लागत नाही. माझा तर्क असा: रुग्ण पन्नाशी-साठीच्या वयाचे असतील तर मानेच्या मणक्यांची झीज त्यांच्यात सामान्य असणार, आणि तिने मेरुरज्जू दाबला गेला तर अंगठा वर जातो. हा विचार त्या वेळी नवा होता. ब्रेन, नॉर्थफील्ड आणि विल्किन्सन यांचा मानेच्या स्पाँडिलोसिसवरचा गाजलेला लेख १९५२ चा, म्हणजे लीड्सच्या लेखाच्या जेमतेम वर्षभर आधीचा. एका माणसाला दोन आजार असू शकतात, हे दवाखान्यात रोज दिसते. कागदावर मात्र सगळी लक्षणे एकाच आजाराच्या नावावर टाकण्याकडे आपला ओढा असतो.

गार्लंड यांनी रिकामी ठेवलेली जागा भरायला पुढे चव्वेचाळीस वर्षे लागली. १९६२ मध्ये लंडनचे गिलियट आणि विलिसन यांनी मधुमेह्यांच्या नसांतून विद्युत्-संदेश किती वेगाने जातो हे मोजले. १९६८ मध्ये राफ, संगालांग आणि ॲस्बरी यांनी शवविच्छेदनात नसांमध्ये ठिकठिकाणी रक्तपुरवठा तुटल्याने मेलेले छोटे भाग दाखवले. त्यामुळे साखरेचे रासायनिक विष की तुटलेला रक्तपुरवठा, असा वाद उभा राहिला आणि बराच काळ चालला. १९९१ मध्ये बारोन आणि सहकाऱ्यांनी या आजाराचा पुन्हा आढावा घेतला तो 'ब्रुन्स-गार्लंड सिंड्रोम' या नावाखाली, ब्रुन्स यांच्या लेखाला शंभर वर्षे झाल्याचे निमित्त साधून. जर्मन साप्ताहिकात अडकून पडलेले नाव असे इंग्रजी वैद्यकात परत आले.

शेवटचा मोठा कागद १९९९ चा, मेयो क्लिनिकच्या पी. जेम्स बी. डिक आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी ३३ रुग्णांच्या नसांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नसेच्या आतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांना दाह झालेला, त्यांच्या भिंतींवर पांढऱ्या पेशींचा हल्ला, रक्तपुरवठा तुटल्यामुळे नसेतले धागे पट्ट्यापट्ट्यांनी नष्ट. घाव मेरुरज्जूत नव्हता. तो होता मेरुरज्जूतून बाहेर पडणाऱ्या मुळांत, कमरेत ती एकमेकांत गुंफली जातात त्या जाळ्यात आणि तिथून मांडीकडे जाणाऱ्या नसांत. नव्या वैद्यकीय नावात आता मुळे, जाळे आणि नसा हे तिन्ही शब्द येतात. १९५३ च्या पाण्यातल्या वाढलेल्या प्रथिनांचाही अर्थ यात लागतो, कारण सुजलेल्या मुळांतून प्रथिने त्या पाण्यात झिरपतात. म्हणजे लीड्सच्या दोन खुणांपैकी एक फसवी निघाली आणि दुसरी खरी. फक्त ती चुकीच्या ठिकाणाकडे बोट दाखवते आहे असे वाटले.

यातून उपचाराचा एक नवा पेच उभा राहिला. दाह आहे म्हणजे स्टिरॉइड द्यावेसे वाटते, आणि स्टिरॉइडने साखर वाढते. त्यांचा नक्की फायदा होतो हे दाखवणारी निर्णायक चाचणी अजून उभी राहिलेली नाही, तरी वेदना असह्य असल्या की डॉक्टर ते देतात. बहुतेक रुग्ण कालांतराने सुधारतात, काहींना थोडा अशक्तपणा मागे राहतो. आजार सौम्य मधुमेहातही येतो, कधी मधुमेहाचे निदान होण्याच्या आसपासच येतो, आणि बरोबर भरमसाट वजन उतरते. वजन उतरणे, स्नायू आटणे, बधिरपणा फारसा नसणे, ही तिन्ही चिन्हे मोटर न्यूरॉन डिसीजचीही आहेत. गोंधळाला जागा आजही आहे, आणि तो दोन्ही दिशांनी होतो. एएलएसच्या ओळखीचे निकष ठरवायला १९९० मध्ये स्पेनमधल्या एल एस्कोरिअल गावी तज्ज्ञ जमले, तेव्हा दुसऱ्या आजारांना आधी बाद करा ही अट त्यांनी घातली, ती उगीच नाही.

इथवर प्रश्न होता नकली एएलएसचा. खऱ्या एएलएसचा मधुमेहाशी काही संबंध आहे का, हा धागा वेगळा, आणि त्याची कागदपत्रे दुसऱ्या फडताळात सापडतात.

बॉस्टनच्या स्टाइंके आणि टायलर यांनी १९६४ मध्ये एएलएसच्या रुग्णांना साखर पाजून त्यांचे रक्त तपासले, आणि बऱ्याच जणांचे शरीर ती साखर नीट हाताळत नाही असे नोंदवले. पुढल्या दोन दशकांत ब्रिटन, अमेरिका आणि जपानमधल्या अनेकांनी हाच धागा पुढे नेला. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, अशीही निरीक्षणे आली. पण यावर एक साधा आक्षेप आहे, आणि तो आरंभापासून या विषयाच्या मानगुटीवर बसलेला आहे. जेवणानंतर रक्तातली साखर मुख्यतः स्नायू ओढून घेतात. स्नायूच आटले असतील तर साखर जाणार कुठे? मग रक्तातली वाढलेली साखर हे आजाराचे कारण, की नुसता परिणाम? ज्याचे स्नायू झिजले आहेत त्याच्या रक्तावरून हे ठरत नाही. आजार होण्याच्या आधीची नोंद लागते.

ती नोंद उत्तर युरोपात सापडली, कारण तिथे सरकार जन्मापासून मरणापर्यंत माणसाच्या क्रमांकावर सगळे टिपून ठेवते. डेन्मार्कमध्ये असे क्रमांक १९६८ पासून आहेत आणि रुग्णालयातल्या भरतीची राष्ट्रीय नोंद १९७७ पासून. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९८२ ते २००९ दरम्यान एएलएस झालेले ३,६५० डॅनिश लोक घेतले, आणि प्रत्येकाशी तुलना करायला एएलएस नसलेले शंभर जण. निष्कर्ष धक्कादायक होता. मधुमेहाची आधीपासून नोंद असलेल्यांना एएलएस होण्याची शक्यता कमी दिसली, सुमारे चाळीस टक्क्यांनी. त्याच वर्षी स्वीडनमधून ५,१०८ रुग्णांचा अभ्यास आला. तिथेही शक्यता कमी, पण साधारण वीस टक्क्यांनी, आणि हे संरक्षण मुख्यतः वयस्कांत. उलट पन्नाशीच्या आतल्या, इन्सुलिनवर असणाऱ्या मधुमेह्यांत धोका पाचपटीहून जास्त निघाला. म्हणजे मधुमेह एक नाही. तरुणपणी स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडावर केलेला हल्ला आणि उतारवयात पोट सुटल्यावर आलेला मधुमेह यांना एका रकान्यात घालणे हीच एक चूक असू शकते.

या आकड्यांपुढे मी गार्लंड यांचा १९५५ चा लेख ठेवतो. डॅनिश अभ्यासात एएलएस झालेले आणि आधीपासून मधुमेही असे किती जण होते? पंचावन्न. सगळा निष्कर्ष या पंचावन्न माणसांवर उभा आहे. मधुमेही माणसाचा पाय अशक्त झाला की डॉक्टर आधी काय म्हणतो? साखरेमुळे नसा गेल्या. काहींचा खरा एएलएस मधुमेहाच्या खात्यावर टाकला जाऊन निसटत असेल का? एएलएस लपून राहणारा आजार नाही, काही महिन्यांत तो स्वतःची ओळख पटवतो, म्हणून या आक्षेपाने सगळे चाळीस टक्के पुसले जातील असे मला वाटत नाही. पण वृद्ध मधुमेही हृदयविकाराने आधीच गेला, तर ती ओळख पटायची राहून जाते. नोंदवही डॉक्टरांच्या निदानांची बनलेली असते. त्यांच्या सवयी तीत उतरणारच.

तैवानचा त्याच वर्षीचा अभ्यास तर उलटेच सांगतो. विमा-नोंदींतले सहा लाखांहून अधिक मधुमेही आणि तितकेच मधुमेह नसलेले. मधुमेह्यांत एएलएसचा धोका सुमारे एक तृतीयांशाने जास्त. नियमित दवाखान्यात जाणारा माणूस डॉक्टरच्या नजरेला जास्त वेळा पडतो, त्याचे दुर्मीळ आजारही लवकर टिपले जातात, हे एक स्पष्टीकरण. दुसरे असे की, उतारवयातला मधुमेह पूर्व आशियात तुलनेने सडपातळ माणसांतही येतो, आणि अंगावर चरबी असणे हे एएलएसमध्ये बरे, असे संकेत इतर संशोधनातून मिळत गेले आहेत. २००४ मध्ये दुपुई आणि सहकाऱ्यांनी एएलएसचे जनुक घातलेल्या उंदरांना चरबीयुक्त खाणे दिले आणि ते उंदीर जास्त जगले. २०१४ मध्ये रुग्णांना नळीवाटे जास्त उष्मांक देण्याची एक छोटी चाचणीही झाली. या आजारात शरीर पडून राहिले तरी बऱ्याच रुग्णांत ऊर्जा अपेक्षेपेक्षा जास्त जळते. त्यामुळे मधुमेह नव्हे, मधुमेहासोबत येणारे वजनच कदाचित पाठीशी उभे राहत असेल.

मधुमेहाचे औषध तरी उपयोगी पडेल का, हेही करून झाले. पायोग्लिटाझोन या गोळीने उंदरांत आशा दाखवली होती. मग एएलएसवरच्या रिल्युझोल या औषधाच्या जोडीला ती २१९ रुग्णांना देण्याची चाचणी सुरू झाली. फायद्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा ती मध्येच थांबवावी लागली. निकाल २०१२ मध्ये छापून आला.

रुग्णालयाच्या शिक्क्यांवर विसंबायचे नसेल तर एक वाट उरते. मधुमेहाकडे कल असणारी जनुके माणूस जन्मतः घेऊन येतो. कोणत्या डॉक्टरने कोणते निदान लिहिले, याने ती बदलत नाहीत, आणि आटलेल्या स्नायूंमुळेही बदलत नाहीत. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हीच जनुके घेऊन गणित मांडले. युरोपीय वंशाच्या लोकांत उतारवयातल्या मधुमेहाकडे असलेला कल एएलएसचा धोका थोडासा, अगदी काही टक्क्यांनीच, कमी करतो असे निघाले. पूर्व आशियाई नमुन्यात ते संरक्षण दिसले नाही. डेन्मार्क-स्वीडन एका बाजूला आणि तैवान दुसऱ्या बाजूला, ही फारकत तिथेही कायम राहिली.